तीन रिकाम्या कड्या

रिकामी जागा घडवायला किती दिवस लागतात, सांगाल का कुणी? घागर घडवायला किती दिवस लागतात ते तांबट सांगेल. भिंत उभारायला किती लागतात ते गवंडी सांगेल. पण रिकामी जागा? हसू नका. एका चांगल्या कारागिराला ती घडवायला सात महिने लागले. त्याचीच ही गोष्ट.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. जमीन खडकाळ, पाणी बेताचं. पण घरटी एक माणूस फौजेत. त्या गावाची एक रीत होती. माणूस नोकरी पुरी करून घरी परतला, की त्याच्या दारावर पितळी पाटी लागायची. पाटीवर त्याचं नाव आणि नावाआधी हुद्दा. नाईक अमुक, हवालदार तमुक. पुढे माणूस गेला तरी पाटी तशीच राहायची. घरातली सून सणावाराला चिंच लावून ती लखलखीत करायची.

या पाट्या घडवायचं काम गावातल्या एकुलत्या एका तांबटाच्या घरी होतं. गोविंद करडे त्याचं नाव. एकदा गावातला एक जण नाईक म्हणून निवृत्त होऊन आला आणि पाटीवर 'सुभेदार' ठोकून मागू लागला.

"एका शब्दानं काय बिघडतंय, गोविंदकाका? कोण बघायला येतंय?"

गोविंद तांबटाने हातोडी खाली ठेवली. म्हणाला, "हुद्दा मिळाला की ये बाबा. पाटी मी ठोकून-मठारून ठेवतो."

गाव कितीतरी दिवस हसलं. कुणी फुशारकी मारायला लागला, की पारावरची माणसं म्हणायची, "थांब हां, पाटी मठारून ठेवलीय तुझी!"

या गोविंद तांबटाचा मुलगा त्र्यंबक. बापाची हातोडी त्याच्याकडे आली, पण तोवर घरोघरी स्टीलची भांडी आली होती. तांब्याचं काम उरलं ते देवळातल्या घंटेपुरतं आणि कल्हईपुरतं. शेतावर भागत होतं, पण हात स्वस्थ बसेनात. मग त्र्यंबकला एक नाद लागला. खऱ्या यंत्रांच्या चिमुकल्या प्रतिकृती करायचा नाद. आधी बैलगाडी झाली, मग उसाचं गुऱ्हाळ, मग रेल्वेचं इंजिन. तालुक्याच्या गावी दरवर्षी हस्तकलेचं प्रदर्शन भरायचं. त्यात तीन वर्षं ओळीने त्र्यंबकचा दुसरा नंबर आला. पहिला नेहमी एका निवृत्त कंपाउंडरचा. ते लाकडी जहाजं करायचे. तिसऱ्या वर्षी परीक्षकांनी त्र्यंबकच्या कागदावर लिहिलं, 'काम सुबक. तपशील अपुरा.'

तो कागद त्र्यंबकने कामाच्या खोलीत खिळ्याला अडकवून ठेवला. येता जाता तो दिसायचा. दिसला की टोचायचा.

त्याच वर्षी एक दिवस दफेदार रंगराव शेडगे काठी टेकत त्याच्या ओसरीवर आले. ऐंशी ओलांडलेले. गावात सगळे त्यांना दफेदारआबा म्हणत. दफेदार म्हणजे रणगाड्यांच्या फौजेतला हवालदार; तरुणपणी ते रणगाडा चालवायचे. लढाई पाहिलेला, आत बसून लढलेला गावातला तो शेवटचा माणूस. त्यांच्या डोळ्यांपुढे आता सगळं धूसर झालं होतं. माणूस ते आवाजावरून ओळखायचे आणि वस्तू हाताने.

"त्र्यंबका," आबा म्हणाले, "तू म्हनं इंजन केलंस. माझी गाडी करशील?"

"गाडी?"

"आमी रणगाड्याला गाडीच म्हनायचो. आत चौघं होतो आमी. तिघं गेली. माझंबी आता पैलतीरावर लक्ष हाय. त्याआधी एकदा त्या गाडीला हात लावायचाय. दुसरं काई नगं."

त्र्यंबकच्या अंगावर काटा आला. खरंच आला. पण त्याच क्षणी मनाच्या कोपऱ्यात दुसरंही काहीतरी हललं. रणगाडा! त्यावर तपशील किती! जाळ्या, कुलपं, साखळ्या, कुदळी, फावडी. या वर्षी परीक्षक कोणत्या तोंडाने 'अपुरा' लिहितील?

त्याने वही काढली. पेन्सिलीला टोक केलं. त्याची बायको इंदुमती चहा घेऊन आली आणि खांबाला टेकून ऐकत बसली.

आबा दोन तास बोलले. आपल्या गाडीचा एकच फोटो त्यांच्यापाशी होता. चार तरणी पोरं रणगाड्याला रेलून हसत उभी. फोटोत फक्त उजवी बाजू दिसत होती. डावी बाजू आबांनी तोंडाने सांगितली. पुढच्या दिव्यावरची जाळी वाकडी होती, कारण त्यांनी ती बाभळीला घासली होती. मागच्या पेटीचं झाकण लागायचं नाही, म्हणून दोरीने बांधलेलं. डावीकडे तारेचा जाड दोर अडकवायच्या तीन कड्या. अडकलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढणं, त्याला आपल्याकडे टोचन म्हणतात. तो दोर टोचनचा.

त्या कड्यांपाशी आल्यावर आबा थांबले. मग हळू आवाजात बरंच काही बोलत राहिले. गुलाब नावाच्या कुणाबद्दल बोलले. एका ओढ्याबद्दल बोलले. त्र्यंबक मान हलवत होता, पण त्याची पेन्सिल थांबली होती. त्या बोलण्यात माप नव्हतं. तो फोटोतले बोल्ट मोजत होता.

वहीत त्याने लिहिलं, 'डावीकडे कड्या तीन.' आणि पान उलटलं.

काम सुरू झालं. रणगाडा खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढा करायचा होता. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा खोका त्र्यंबकने शहरातून मागवला. तो जोडला की रणगाडा होतो, पण तो कुणाचाही रणगाडा. त्यावर तपशील चढवायचा तर जादा भाग वेगळे मागवावे लागतात. पितळी पत्र्यावर कोरलेल्या जाळ्या, केसाएवढ्या बिजागऱ्या, धातूची तासून काढलेली तोफेची नळी. पाकिटांमागून पाकिटं येऊ लागली.

"त्र्यंबकराव," पोस्टमन ओसरीवरून ओरडायचा, "लढाई पार्सलनं मागवलीत काय? आज दारूगोळा आलाय बघा!"

"आरडू नकोस. हळू ठेव. बिजागऱ्या आहेत आत."

"घराच्या दाराची बिजागरी वर्षभर करकरतेय," आतून इंदुमतीचा आवाज यायचा. "तीपण मागवा एखाद्या पाकिटातून."

जे विकत मिळत नव्हतं ते त्र्यंबक हाताने करायचा. रेडिओची काठी म्हणून दवाखान्यातल्या सुईची नळी. चहाच्या डब्याच्या पत्र्याची पेटी, झाकण न लागणारी, वर दोऱ्याची गाठ. टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा मऊ पत्रा कापून त्याचे पट्टे. तांदळाच्या पिठाच्या खळीत भिजवलेल्या कागदाची ताडपत्री. दिव्याची जाळी तर पाकिटातली अगदी सुबक होती. ती त्याने तोंडाचा चंबू करत चिमट्याने वाकडी केली. आबांनी सांगितली होती तेवढीच.

इंदुमती एकदा म्हणाली, "देवापुढच्या निरांजनाला कल्हई करायला तुम्हाला सवड नाही, आणि याच्या दिव्याला जाळी!"

"अगं, हे आबांसाठी आहे."

"आबांसाठी आहे ना? मग ठीक आहे," ती म्हणाली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून आत गेली.

मग आल्या त्या डाव्या बाजूच्या तीन कड्या. कडी म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. त्या झाल्या. पण कड्या तीन आणि त्यात काही नाही, हे त्र्यंबकला बघवेना. पाकिटात तयार दोर होता. तो त्याला दोऱ्यासारखा वाटला. तेव्हा त्याने जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार आणली, केसाहून बारीक. सात तारांचा एक पीळ. असे सात पीळ एकमेकांभोवती. भिंगरीला बांधून तो रोज सकाळी थोडा थोडा दोर वळायचा. जरा जास्त पीळ पडला की तार तुटायची, आणि पुन्हा पहिल्यापासून. सव्वा महिना गेला. शेवटी वीतभर दोर तयार झाला. काजळ आणि तेल लावून त्याने तो काळा केला, तिन्ही कड्यांमधून ओवला, आणि प्रत्येक कडीपाशी चिकटद्रव्याचा एकेक थेंब देऊन पक्का केला.

आजवर त्याने केलेल्या कामात ते सगळ्यात सुंदर होतं. बाप असता तर भिंग लावून बघत बसला असता, असं त्याला वाटलं. खिळ्यावरच्या कागदाकडे बघून तो पहिल्यांदाच हसला.

मग त्याने एक पाटी घडवली. गावातल्या दारांवर असते तशीच पितळी, पण बोटाएवढी. बापाच्याच छिन्नीने अक्षरं ठोकली. 'दफेदार रंगराव शेडगे आणि त्यांचे साथीदार यांचा रणगाडा.'

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी तो रणगाडा आबांना दाखवायला निघाला. धक्का लागू नये म्हणून तांब्याच्या मोठ्या घंगाळात कापूस घालून त्यात ठेवलेला.

"घंगाळात रणगाडा!" इंदुमती म्हणाली. "आंघोळ घालायला नेताय की काय?"

आबा अंगणात बाजेवर बसले होते. त्र्यंबकने रणगाडा त्यांच्यापुढे स्टुलावर ठेवला. आबांनी दोन्ही हात धोतराला पुसले. देवाला हात लावावा तसा हात पुढे केला.

बोटं तोफेच्या नळीवर गेली. तिथून वरच्या फिरत्या बुरुजावर. मग पुढच्या दिव्यावर.

"आरं!" आबा हसले. "जाळी वाकडीच हाय की!"

"वाकडीच केलीय आबा. बाभळीनं."

"बाभळीनं नव्हं, म्या!" म्हातारा लहान पोरासारखा खुदखुदला. "ही काठी रेडिओची. ही आमची पेटी. आन ही गाठ... लेका, गाठबी मारलीस व्हय!"

सात महिन्यांचं चीज झालं, असं त्याला वाटलं. आबांची बोटं उजवी बाजू संपवून मागून वळली आणि डावीकडे आली. पहिली कडी लागली. तिथे बोटं थांबली.

"ह्ये काय?"

"टोचनचा दोर, आबा. एकोणपन्नास तारांचा. हाताने वळलाय."

आबांनी दोर चाचपला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, अगदी सावकाश. मग हात मागे घेऊन मांडीवर ठेवला.

"लई झ्याक झालीय गाडी," ते म्हणाले. "पर ही माझी न्हाई."

त्र्यंबकला कळेना. "आबा, मापात एक रेघ इकडची तिकडं नाही."

"तुला सांगितलं हुतं म्या, त्र्यंबका." आबांच्या आवाजात राग नव्हता. "आमच्या मागची गाडी वढ्याच्या गाळात रुतली. वरनं गोळं पडत हुतं. गुलाब मुलाणी आमच्यातला सगळ्यात ल्हान. त्यो भाईर उडी मारून गेला. ह्या कड्यातनं दोर काढला, तिकडं नेऊन अडकिवला. मी गाडी मागं घेतली. ती गाडी सुटली. आतली चार माणसं वाचली. गुलाब तेवढा वर चढायचा ऱ्हायला."

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

"दोर तितंच सोडून फुडं जावं लागलं. मागनं नवा दोर आला. पर आमचं साब म्हनलं, चढवू नका. लढाई सरंस्तवर त्या कड्या तशाच ऱ्हाऊ द्या. आमी तशाच ठिवल्या. रोज सकाळी गाडीत चढताना त्या तीन कड्यास्नी हात लावायचो. रिकाम्या कड्यास्नी."

"आबा," त्र्यंबक कसाबसा म्हणाला, "उद्या परीक्षक येणार. रिकाम्या कड्या दिसल्या तर म्हणतील, हा दोर लावायला विसरला. गेल्या वर्षीच त्यांनी लिहिलंय, तपशील अपुरा म्हणून. उद्याचा एक दिवस जाऊ द्या. परवा मी स्वतः काढतो."

"तुझं काम हाय. मी कोन सांगनार?" आबा काठी शोधत म्हणाले. "येवढंच सांगतो. दोर हितं असंल, तर गुलाब गेलाच न्हाई म्हनायचं. मग ती चार माणसं कुनी वाचिवली?"

ते उठले. दारापाशी जाऊन वळले.

"उद्या परदर्शनाला म्या काई येत न्हाई. तू जाऊन ये."

त्र्यंबक घंगाळ घेऊन घरी आला. इंदुमती पाटीला चिंच लावून घासत बसली होती.

"काय म्हणाले आबा?"

"म्हणाले, ही माझी नाही."

तिचा हात थांबला. त्र्यंबकने वही काढली आणि ते पान शोधलं. डावीकडे कड्या तीन. त्याखाली पेटीचं माप. बाकी काही नाही.

"तू होतीस त्या दिवशी," तो म्हणाला. "आबा कड्यांचं काय म्हणाले होते?"

"रिकाम्या म्हणाले होते की. गुलाबचं सांगताना आवाज कापत होता त्यांचा. मला वाटलं तुम्ही लिहून घेतलंत. दोर वळायला बसलात तेव्हा म्हटलं, दुसऱ्या बाजूचा असेल."

"नाही लिहिलं. रिकामं ते काय लिहायचं, असं वाटलं असेल मला."

पाणी घालून इंदुमतीने पाटी धुतली, पदराला पुसली आणि रणगाड्यापुढे ठेवली. पितळेवरची अक्षरं उन्हात स्पष्ट दिसत होती. दफेदार रंगराव शेडगे आणि त्यांचे साथीदार.

त्र्यंबकने पाटीकडे पाहिलं. मग दोराकडे. मग पुन्हा पाटीकडे. थोड्या वेळाने त्याने पाटी उचलली आणि फळीवर उपडी घातली.

"नाव न लावता नेतो," तो म्हणाला. "नुसता रणगाडा. मग त्यात खोटं काही नाही."

"बरं. मग तो कुणाचा?"

"कुणाचा नाही."

"सात महिने कुणाचाच नाही असा रणगाडा केलात होय?" इंदुमती म्हणाली. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती.

त्र्यंबकची नजर फळीवर गेली. पाटी उपडी होती. मागच्या बाजूला हातोडीचे ठसे उमटले होते, बापाने शिकवले होते तसेच, एकाशेजारी एक. त्याला बापाचे शब्द आठवले. हुद्दा मिळाला की ये बाबा. त्या नाईकाने तरी स्वतःसाठी एक शब्द जादा मागितला होता. आपण काय केलं? दुसऱ्याचं मरण दोराने झाकलं. का, तर आपल्या नावापुढे 'पहिला' लागावा म्हणून. लहानपणापासून ज्या गोष्टीला तो हसत आला होता, ती आता त्याच्याच समोर येऊन बसली होती.

तो उठला. कात्री घेतली, पत्र्याची, टोकदार. दोर सोडवून घेता येण्यासारखा नव्हता. थेंब सुकून दगड झाले होते. कापावाच लागणार होता, आणि कापला की संपला. सव्वा महिना. त्याने दोरावरून एकदा अंगठा फिरवला.

मग पहिल्या कडीपाशी कापला.

पीळ सुटले. तारा झाडूसारख्या पसरल्या. दुसऱ्या कडीपाशी कापला, तिसऱ्या कडीपाशी कापला. कड्यांत अडकलेले तुकडे सुईने एकेक करून टोकरून काढले. इंदुमती शेजारी बसून भिंग धरून होती.

दोर निघाला तेव्हा कड्यांखालचा हिरवा रंगही खरवडून गेला. त्र्यंबकने ब्रश भिजवला. रंग लावणार तोच तो थांबला. खऱ्या गाडीवर दोर काय हवेत लटकत होता? गाडी चालताना तो हलला असेल, घासला असेल. गुलाबने तो काढला, तेव्हा मागे अशीच खरवडलेली जागा राहिली असेल. आबा रोज सकाळी हात लावायचे, तो याच जागेला.

त्याने ब्रश धुऊन ठेवला आणि फळीवरची पाटी सुलटी केली.

दिवेलागणीला तो पुन्हा आबांच्या दारात गेला. आत गेला नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "आबा, सकाळची एसटी साडेआठची आहे."

आतून आबा म्हणाले, "दोर?"

"नाही आता."

"आरं, येवढं वळलेलं..." आबा म्हणाले आणि थांबले. "साडेआठची व्हय? बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षकांनी त्र्यंबकच्या कागदावर 'काम सुबक, डावी बाजू अपूर्ण' असं लिहिलं आणि पहिलं बक्षीस लाकडी जहाजाला दिलं. त्याच वेळी दफेदारआबा टेबलापाशी आले, तीन रिकाम्या कड्यांवर एकेक करून बोट ठेवलं, "हीच," म्हणाले, आणि खुर्ची मागून घेऊन रणगाड्याच्या डाव्या बाजूला बसले.

तात्पर्य: दुसऱ्याची आठवण आपल्या हाती सोपवली गेली, तर तिच्यावर आपली कारागिरी मिरवू नये, ती जशी आहे तशी, तिच्यातल्या रिकाम्या जागेसकट जपावी.